रिकाम्या जागेची बातमी कोणाची?

पावसाळ्याच्या तोंडाशी खेड्यांतील मंडळ्यांकडून आम्हांस जी पत्रे व निरोप येतात, त्यांतील बहुतेकांचा मजकूर एकच असतो. मुलाचे नाव निराळे, गाव निराळे, इयत्ता निराळी. परंतु शेवटचे वाक्य ठरलेले: आपण मुंबईस आहात, तरी यास कोठे तरी चिकटवून द्यावे. लिहिणारा कधी मुलाचा बाप असतो, कधी मंडळीचा पंच, आणि पुष्कळदा आमचा एखादा उपदेशक बंधू असतो. हल्ली हा निरोप टपालाने न येता मोबाईलवर येतो, एवढाच काय तो फरक. अशा निरोपांस उत्तरे देता देता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, व तो एकट्याने सुटेना म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहो. प्रश्न असा की, अमक्या ठिकाणी माणसाची जागा रिकामी आहे ही बातमी जेव्हा आपल्या कानी येते, तेव्हा ती बातमी कोणाची? ज्याच्या कानी आली त्याची, त्याच्या आप्तांची, की ज्यास कामाची गरज आहे अशा कोणाचीही?

प्रथमदर्शनी हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. बातमी ती काय, आणि तिची मालकी ती काय! परंतु ज्याने या शहराच्या उपनगरांत चार वर्षे काढली आहेत, त्यास हे सांगणे नलगे की येथे बातमी हीच अर्धी भाकर आहे.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे आमच्या खेड्यांतील वाचकांस आता परकी राहिलेली नाहीत. यांतील अंधेरी व घाटकोपर १९५० साली, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाली. त्यानंतर अंधेरीच्या पूर्वेस औद्योगिक वसाहत वाढली. तिच्या शेजारीच १९७३ साली परदेशी पाठवावयाच्या मालासाठी सीप्झ नावाचे क्षेत्र निघाले, तेथे दागिने घडविणारे व विजेच्या उपकरणांचे भाग जोडणारे कारागीर बसतात. घाटकोपराहून मुलुंडाकडे जो लालबहादूर शास्त्री मार्ग जातो, त्याच्या दोन्ही अंगांस एके काळी औषधांचे व यंत्रांचे कारखाने होते. त्यांतील पुष्कळ बंद पडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे जेथे पूर्वी कातारी व फिटर लागत, तेथे आता पहारेकरी, सफाई करणारे, स्वयंपाकाच्या बाया, वाहनचालक आणि घरोघर पुडकी पोहोचविणारी पोरे लागतात. काम नाही असे नाही. २०१४ साली घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरास राहणारा मनुष्य दादरचा वळसा न घेता अंधेरीस कामास जाऊन येऊ शकतो. मात्र कोणत्या दारामागे जागा रिकामी आहे, हे त्याने जाणावे कसे?

औद्योगिक गाळ्यांच्या दारांवर 'पाहिजेत' अशा पाट्या लागतात हे खरे. हेल्पर पाहिजे, पॅकिंगला मुली पाहिजेत, असे हाताने लिहिलेले कागद आम्ही पाहिले आहेत. परंतु अनेकदा असा कागद लागतो तेव्हा जागा जवळजवळ भरलेलीच असते. कारण कागद लिहिण्यापूर्वी मालकाने मुकादमास विचारलेले असते, मुकादमाने आपल्या भाच्यास कळविलेले असते, आणि दारावरच्या पहारेकऱ्याने आपल्या गावाकडच्या दोघांस सकाळीच बोलावून उभे केलेले असते. चहाच्या टपरीवाल्यास ही बातमी वर्तमानपत्राच्या आधी असते. ज्यास भाचा नाही, मामा नाही, व टपरीवाल्याशी ओळख नाही, तो नाक्यावर उभा राहतो.

नाका म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. सकाळी सातच्या सुमारास स्थानकाजवळच्या किंवा चौरस्त्याच्या कडेला माणसे जमू लागतात. गवंड्यापाशी थापी व ओळंबा, रंगाऱ्यापाशी ब्रश, सुताराच्या पिशवीत करवत, आणि ज्याच्यापाशी काहीच कसब नाही त्याच्यापाशी नुसते हात. बाया थोड्या बाजूस, बहुधा भिंतीच्या सावलीने उभ्या असतात. त्यांस पुरुषांपेक्षा कमी मजुरी सांगितली जाते, व ती त्या घेतात. मराठवाडा व विदर्भाकडील माणसे येथे पुष्कळ आढळतात. कर्नाटकातील, उत्तरेतील, बिहारातीलही असतात. कंत्राटदार येतो, बोटाने दोघातिघांस दाखवितो, भाव होतो, ते त्याच्यामागून जातात. दहा वाजून गेले म्हणजे उरलेल्यांकडे कोणी फिरकत नाही. तरीही ते लगेच घरी जात नाहीत. इतक्या लवकर घरी जाऊन बायकोस काय सांगावे, हा त्यांचा विचार असतो.

हा नाका पाहिल्यापासून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आम्ही निराळ्या तऱ्हेने वाचू लागलो. त्या दाखल्यावर आम्ही स्वतः कितीतरी उपदेश केले, व ते सर्व मजुरीच्या एका नाण्यावर केले. शेवटी आलेल्यास पहिल्याइतकेच का मिळाले, हेच समजावीत बसलो. बाजाराकडे आमचे लक्षच गेले नाही. तो मालक पहाटे एकदा जाऊन थांबत नाही. दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात जातो, आणि दिवस मावळावयास तासभर उरला असताही जे उभे आहेत त्यांस कारण विचारतो. ते आपल्या आळसाची कबुली देत नाहीत. आपणांस कोणी लावले नाही, एवढेच सांगतात. मालकही त्यांवर अविश्वास दाखवीत नाही. येथे काम शोधण्याचा भार एकट्या मजुरावर टाकलेला नाही, हे आम्हांस सेमिनरीत कोणी शिकविले नव्हते. किंवा शिकविले असेल, पण नाका पाहिल्यावाचून ते कळले नाही.

मराठीत 'दाखला' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वर सांगितला तो, आणि दुसरा पाळकाने किंवा सरपंचाने सहीशिक्क्यानिशी द्यावयाचा. या दुसऱ्या प्रकारच्या दाखल्याच्या बाबतीत आमच्या हातून जे घडले, ते आता सांगणे प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका लहान कारखान्याच्या मुकादमाने एका सायंकाळी आम्हांस फोन केला. कोठीवर माल मोजून घेण्यास व देण्यास एक माणूस हवा होता. मराठी वाचता यावे, बेरीज चुकू नये, आणि चोर नसावा, एवढीच अट. काम बारा महिने चालणारे. त्या वेळी आमच्या ओळखीत अशी दोन माणसे होती. पहिला आमच्याच मंडळीतील एका पंचाचा पुतण्या, नुकताच गावाहून आलेला. दुसरा जालना जिल्ह्यातील एक गृहस्थ, आमच्या धर्माचा नव्हे, घाटकोपरच्या नाक्यावर उभा राहणारा. त्याने आमच्या प्रार्थनामंदिराची फरशी बसविली होती. काम संपल्यावर उरलेल्या फरश्या त्याने मोजून ओसरीवर रचून ठेविल्या, आणि आगाऊ दिलेल्या रकमेतून उरलेले पैसे परत आणून दिले. आम्ही ते विसरूनही गेलो होतो. तो दहावी उत्तीर्ण होता. फरशीचा हिशेब त्याने स्वच्छ अक्षरात लिहून आणला होता, तो अजून आमच्या कपाटात आहे.

आम्ही पुतण्यास कळविले. पत्रही लिहून दिले: या तरुणास आम्ही लहानपणापासून ओळखतो, तो कष्टाळू व विश्वासू आहे. त्यास आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत पाहिले होते हे खरे. पण त्यानंतरच्या सहा वर्षांत आमची त्याची दोनदा भेट झाली होती, व दोन्ही वेळा लग्नाच्या पंगतीत. तो कष्टाळू आहे की नाही हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्याचा चुलता कष्टाळू आहे, हे मात्र ठाऊक होते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, घाटकोपर स्थानकाकडे जात असता, तो जालन्याचा गृहस्थ आम्हांस नाक्यावर भेटला. आमच्याकडे येऊन हात जोडून म्हणाला, "फादर, कुठं बारमाही काम असलं तर सांगा. रोजच्या उभं राहण्यानं जीव मेटाकुटीला आलाय." (आम्ही फादर नव्हे, हे त्यास अनेकदा सांगून झाले आहे.) आम्ही उत्तर दिले, "सध्या तरी काही कानावर नाही, भाऊ." मुकादमाचा फोन येऊन त्या वेळी पंधरा तासही झाले नव्हते.

वाचक म्हणतील की पुढे तो पुतण्या नालायक निघाला असेल व आम्हांस पश्चात्ताप झाला असेल. तसे काही झाले नाही. मुलगा चांगला निघाला. तो अद्याप त्याच कोठीवर आहे, घरी पैसे पाठवितो, आणि त्याची आई नाताळात आमच्यासाठी करंज्या पाठविते. फळ गोड लागले म्हणूनच हा प्रश्न आम्हांस अधिक छळतो. काम बिघडले असते तर आम्ही आपली चूक लागलीच ओळखली असती. ते बिघडले नाही, म्हणून तिला चूक म्हणावे की नाही, याविषयी आमचे मन पुष्कळ दिवस आमच्याशीच वाद घालीत राहिले.

आमच्या पंचांपैकी एका वडीलधाऱ्यांस आम्ही हे सर्व सांगितले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, यात तुम्ही पाप ते काय केले? गलतीकरांच्या पत्राचा सहावा अध्याय काढा. विश्वासाच्या घराण्याचे आधी पाहावे असे पौलाने स्वतः सांगितले आहे. आपल्या पोरांस आपण नाही सांगणार, तर कोण सांगणार? आमच्या बापजाद्यांस कधी कोणी सांगितले होते?"

त्यांच्या बोलण्याचा शेवटचा भाग आम्हांस खोडता आला नाही, व आजही येत नाही. या देशात आडनावावरून माणसाचे मोल ठरविण्याची चाल गेलेली नाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल या दोघा अभ्यासकांनी खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींस सारख्या शिक्षणाचे, पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले व आपले निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. दलित व मुसलमान वाटतील अशा नावांच्या अर्जांस, उच्चवर्णीय नावांच्या मानाने, कमी बोलावणी आली. अर्थात उघड जाहिरात दिली म्हणजे न्याय झाला, असे समजणारा भोळा होय. ज्यांच्या पूर्वजांस गावाच्या वेशीबाहेर ठेविले, त्यांनी आपसांत एकमेकांस हात दिला तर त्यास वशिला म्हणणाऱ्याने आधी आपल्या घराचा इतिहास वाचावा. येथवर आम्ही त्या वडीलधाऱ्या पंचांशी सहमत आहो.

परंतु पौलाच्या त्याच वचनात सर्वांचे बरे करण्याची आज्ञा आधी आहे, व घराण्याचा उल्लेख नंतर. आम्ही घराण्यापाशीच वाचन थांबविले.

या मुंबईत बातमी आपल्या हाती ठेवणाऱ्यांची एक मोठी व जुनी पेढी होती. १८५४ साली येथे पहिली कापडगिरणी स्थापन झाली, व त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. त्यांतील माणसे साहेब नेमीत नसे. जॉबर नेमीत असे. बायांच्या खात्यावर नायकीण असे. सकाळी गिरणीच्या फाटकाशी जो जमाव उभा राही, त्यातून आज कोणास आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी. आणि त्यासाठी दस्तुरी घेई. आता न्यायाने बोलावयाचे तर तो निव्वळ खलपुरुष नव्हता. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेल्या नवख्या माणसास गावकऱ्यांच्या खोलीत जागा देणारा, अडीअडचणीस कर्ज देणारा, वाण्याकडे जामीन राहणारा पुष्कळदा तोच असे. तो गावचा होता, नात्याचा होता. याच जोरावर त्याचा अंमल चाले. उपकार व जुलूम हे एकाच हाताने होत असत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक रॉयल कमिशनने १९३१ सालच्या आपल्या अहवालात माणसे ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढावा अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची नवी पद्धत काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक माणसांस बदलीची कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हावयाचे, व गैरहजरांच्या जागा त्यांतूनच भरावयाच्या. जॉबरची सत्ता यामुळे एका दिवसात गेली नाही. पण ज्याच्या हातात कार्ड आले त्याची सकाळ जॉबरच्या मर्जीवर पूर्वीइतकी लोंबकळत राहिली नाही.

१९८२ सालच्या १८ जानेवारीस सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार होते. त्यानंतर गिरण्यांची फाटके एकेक करून बंद झाली. ती बंद झाली, आणि जॉबरही गेला. पण त्याचे काम मात्र आम्हांसारख्यांत वाटले गेले. आम्ही पैसे घेतले नाहीत. तरी नाताळच्या करंज्यांचा डबा उघडताना दस्तुरी हा शब्द आमच्या मनात येतो, हे लपवीत नाही.

सरकारनेही या प्रश्नास हात घातला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळे झालेल्यांसाठी १९४५ साली रोजगार विनिमय केंद्रे निघाली, व पुढे ती सर्वांस खुली झाली. १९५९ साली असा कायदा झाला की, सरकारी आस्थापनांनी, व पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनी, ठरावीक प्रकारच्या रिकाम्या जागा या केंद्रांस कळवाव्यात. त्या कायद्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती. माणूस तेथूनच घ्यावा अशी सक्ती मालकावर नव्हती. सक्ती होती ती बातमी सांगण्याची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, सार्वजनिक नोकरीच्या जागा केवळ केंद्रास कळवून भागणार नाही, वर्तमानपत्रांतून व अन्य मार्गांनीही त्या जाहीर कराव्यात. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत हाच विषय करिअर सेंटर या नव्या नावाने आला आहे. जे मोठ्या कचेऱ्यांस लागू, ते एका पाळकास किंवा मुकादमास लागू नाही, हे उघड आहे. कायदा आमच्या फोनपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच तर हा प्रश्न कायद्याचा न राहता सदसद्विवेकाचा होतो.

आपल्यांनी आपल्यांसच सांगावे या रीतीत आपल्यांचेही नुकसान असते, हे आम्हांस फार उशिरा कळले. अमेरिकेत बॉस्टन शहराजवळच्या न्यूटन गावी मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नोकरदारांस विचारले की तुम्हांस तुमची जागा कशी कळली. त्याचे पुस्तक १९७४ साली निघाले. निम्म्याहून अधिकांस ती ओळखीतून कळली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्या ओळखीच्या माणसाने सांगितले, तो नेहमीच्या भेटीतला असल्याचे शंभरांत सुमारे सतराच जणांनी सांगितले. बाकीच्यांस सांगणारा कधीमधी किंवा क्वचितच भेटणारा असा कोणी होता. आणि विचार करता हे पटते. आमच्या घरच्यांस जे ठाऊक ते आम्हांसही ठाऊकच असते. नवी वार्ता दूरच्या माणसाकडूनच येणार.

दुसरा दाखला दादरचा आहे. कैवान मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग यांनी तेथील शाळा पाहून २००६ साली असे मांडले की, ज्या जातींच्या पुरुषांचे कामगारवर्गात भक्कम जाळे होते, त्यांचे मुलगे बापाच्या वाटेने जाण्यासाठी मराठी शाळांतच राहिले. मुलींसाठी असे जाळे कधी नव्हतेच, म्हणून त्या इंग्रजी शाळांकडे व नव्या कामांकडे लवकर वळल्या. ज्या दोरीने बापास वर ओढले, तिनेच मुलास खाली बांधून ठेविले. आमच्या मंडळीतील दहा मुलगे आज पहारेकरी आहेत. कारण पहिला पहारेकरी होता, व त्याने नऊ जणांस सांगितले. त्याचे उपकार थोर आहेत. पण अकराव्यास पहारेकरीच व्हावयाचे आहे काय, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.

उपदेशक बंधूंस येथे थोडे कामाचे सांगतो. मुलास गाडीत बसविण्यापूर्वी राज्य सरकारच्या महास्वयंम या संकेतस्थळावर, व २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय करिअर सेवेवर त्याचे नाव नोंदवावे. दोन्हींस पैसे पडत नाहीत. तेवढ्याने काम मिळेलच असे नाही, पण वशिल्यावाचूनची ती एक खिडकी आहे. लोकलच्या डब्यांत घरबसल्या कमाईचे जे कागद चिकटविलेले असतात, त्यांवरील क्रमांकास फोन करू नये. नोकरी देण्याआधी नोंदणीचे, गणवेशाचे किंवा प्रशिक्षणाचे म्हणून जो पैसे मागतो, त्याच्यापाशी बहुधा नोकरी नसतेच. मुलास पहिल्या आठवड्यात अंधेरीच्या गाळ्यांच्या गल्ल्यांतून पायी हिंडू द्यावे व दारावरच्या पाट्या स्वतः वाचू द्याव्यात. आमच्या पत्राने जे होत नाही ते कधी कधी त्याच्या पायांनी होते. जो बांधकामावर जाईल त्याने कामाच्या दिवसांची नोंद ठेवावी. वर्षात नव्वद दिवस भरल्याचा दाखला असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदविता येते. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, म्हणून हे नव्वद दिवस दाखविणे त्यासच सर्वांत जड जाते.

आणि पत्रे लिहिताना, बंधूंनो, जे पाहिले तेच लिहावे. मुलगा प्रार्थनेस येतो, हे तुम्ही पाहिले आहे. तो बेरीज बरोबर करतो, हे पाहिले नसेल तर लिहू नये. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. आमच्या हातचे एक पत्र अंधेरीच्या एका कोठीत फाईल होऊन पडले आहे, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही मनाचा हिय्या करून जालन्याच्या त्या गृहस्थास सर्व सांगितले. नाक्यावरच सांगितले; दुसरीकडे बोलावून नेण्याचे धैर्य झाले नाही. त्याने ऐकून घेतले. थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला कळलं होतं, फादर. त्या मुलानंच सांगितलं, आपल्याच बिल्डिंगच्या कामावर भेटला होता." आम्ही खाली पाहिले. तो पुढे म्हणाला, "मी बी तेच करतो. ठेकेदारानं चार माणसं मागितली तर तीन माझ्या गावची घेतो. नाही घेतली तर गावात तोंड दाखवता येणार नाही. पण चौथा मी नाक्यावरचा घेतो. जो कोणी जवळ उभा असेल तो. नाव विचारत नाही."

"चौथा का?" आम्ही विचारले.

"मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला कुणीतरी चौथा म्हणून नेलं होतं. तो कोण होता ते आजवर ठाऊक नाही."

त्याने आम्हांस क्षमा केली की आमचा दोष आपल्या दोषाशेजारी ठेवून हलका केला, हे आम्हांस सांगता येत नाही. तो रागावला असता तर आमचे काम सोपे झाले असते. तीनास एक हे प्रमाण न्यायाचे आहे की नाही, हेही आम्ही ठरवू शकत नाही. नीतिशास्त्राच्या ज्या ग्रंथांवर आम्ही परीक्षा दिल्या, त्यांत असा हिशेब कोठे नाही. मात्र इतके दिसते की ज्याच्याजवळ उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही त्याने चारांतील एक जागा परक्यासाठी ठेविली, आणि आम्ही दरमहा पगार घेणाऱ्यांनी एकातील एकही ठेविली नाही.

त्यानंतर आम्ही एवढेच केले. कोणत्याही रिकाम्या जागेची वार्ता आली की ती पूर्वी उपासनेच्या शेवटी, सूचनांच्या वेळी, आत सांगत असू. आता ती एका कागदावर लिहून रस्त्याकडील फाटकावर, बाहेरच्या बाजूने लावतो. वाटेने जाणारा कोणीही ती वाचू शकतो, आणि वाचतात. जूनमध्ये मुलुंडच्या एका वृद्ध बाईंची शुश्रूषा करण्यासाठी बाई हवी होती; ती जागा फाटकावरचा कागद वाचून आलेल्या, आमच्यापैकी नसलेल्या एका विधवेस मिळाली. त्याच कामासाठी आमच्या मंडळीतील दोघी थांबल्या होत्या. त्यांतील एक गेले तीन रविवार उपासनेस आलेली नाही. तिच्या घरी आम्ही जाऊन आलो. चहा मिळाला, पण बोलणे झाले नाही.

पंचांच्या बैठकीत या कागदाचा विषय दोनदा निघाला. वडीलधारे पंच म्हणाले की निदान तीन दिवस कागद आतल्या बाजूस लावावा व चौथ्या दिवशी बाहेर. एका तरुण पंचाने उलट विचारले की तीन दिवसांनंतर जागा उरतेच कोठे? दोघांचेही म्हणणे खरे आहे. निर्णय झाला नाही. पुढील बैठक पहिल्या रविवारी उपासनेनंतर आहे. तोपर्यंत कागद बाहेरच आहे. पावसाने अक्षरे फुटतात, म्हणून हल्ली आम्ही तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावतो.